वस्तीचा रकाना

बेट एवढंसं. लांबी सव्वा किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी, मधे एक टेकडी आणि पायथ्याशी विहीर, तीही उन्हाळ्यात मचूळ होणारी. बेटांच्या नव्या कोशासाठी मोजणीदारांनी एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पुढचा रकाना वस्तीचा होता. जुन्या कोशात तिथे शून्य होतं, आणि ते चौतीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलं होतं.

तेव्हा ते नोकरीत नवे होते. नव्या माणसाला नियम तोंडपाठ असतात, अक्कल मागाहून येते. खात्याचा नियम असा, की डोकी मोजायची, दारं नाही. जो डोळ्यांना दिसेल तोच माणूस. ते बेटावर उतरले त्या दिवशी सातही घरांची दारं लोटलेली होती, दोरीवर कपडे वाळत होते, अंगणात एक कोंबडी दाणे टिपत होती. ओहोटी लागली होती आणि लाँचवाला घाई करत होता. या नव्या साहेबांनी दारांवरून एक चक्कर मारली आणि शून्य लिहून मोकळे झाले. कोंबडीसाठी रकाना नव्हता.

लाँचच्या कचेरीने ते शून्य वाचलं. निर्जन बेटावर पाणी, टपाल आणि औषधं न्यायची कोणासाठी? फेरी बंद झाली. बेटावरच्यांनी अर्जांवर अर्ज केले, तर उत्तर आलं, 'नोंदीनुसार बेटावर वस्ती नाही, तरी अर्जदार कोण ते कळवावे.' आता यावर हसावं की रडावं! दोन वर्षांत सातही घरं उठली आणि खोटी नोंद खरी होऊन बसली.

पण दैवाची थट्टा एवढ्यावर संपली नाही. मोजणीदारांनी पुढे जिच्याशी लग्न केलं, ती त्याच बेटावरची निघाली. लग्नाआधी त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर तोंड उघडायचं धैर्य झालं नाही. सासूबाई गेली अकरा वर्षं त्यांच्याच घरी होत्या. सासरे बेटावरच, औषधाच्या लाँचची वाट बघत तापाने गेले होते. जेवताना विषय निघाला की सासूबाई म्हणायच्या, "एक दिवस माणसं पलीकडे लग्नाला गेली, आणि नेमका त्याच दिवशी कडमडला मेला आंधळा!" तो मेला आंधळा मुकाट्याने पुढचा घास घ्यायचा.

आता ते शून्य पुसता येत होतं. पण दुरुस्ती करायची तर खाली मूळ मोजणी करणाऱ्याचं नाव छापायचं, हाही खात्याचा नियमच. आणि सासूबाईंनी हट्ट धरला होता, की छापायला जाण्याआधी बेटाचा मजकूर आपल्याला वाचून दाखवायचा. त्यांचे डोळे गेले होते. शेवटची ओळ गाळली असती तर त्यांना कुठे कळणार होतं? तीन दिवस मोजणीदारांना अन्न गोड लागलं नाही.

रविवारी सकाळी बायको बाजारात गेली तशी ते सासूबाईंच्या पलंगाशी बसले आणि वाचू लागले. लांबी, रुंदी, टेकडी, विहीर. मग, "'वस्ती, पहिल्या मोजणीच्या वेळी सात घरं, तेवीस माणसं. जुनी नोंद चुकीची होती.'"

"आलो बाई एकदाचे पुस्तकात," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

इथे थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. त्यांनी खालचं नाव वाचलं, आडनावासकट.

सासूबाईंनी चेहरा त्यांच्याकडे वळवला. शिव्या घातल्या असत्या तर मोजणीदारांना बरं वाटलं असतं.

"जावईबापू, दारापाशी आलात, तेव्हा हाक मारली होती का तुम्ही?"

"नाही, आई."

"मी नव्हते गेले लग्नाला," त्या म्हणाल्या. "तापाने फणफणले होते, आत निजले होते. हे कुणाला सांगितलं नाही कधी. वाटायचं, उठले असते तर आमचे हे वाचले असते."

मोजणीदारांनी कागद खाली ठेवला.

"पावलं ऐकली होती मी. उठवत नव्हतं. म्हटलं, आलंय कोणी तर हाक मारेल, मग ओ देऊ. पावलं लांब गेली, तरी मी वाटच बघत होते."