गाडीत वासरूसुद्धा होतं

नर्मदाबाईच्या दिव्यावर आमच्या गावानं तीन पिढ्या हात शेकून घेतले. गोष्ट अशी. रझाकारांच्या धामधुमीत गाव रिकामं झालं. आमचं गाव साखऱ्याच्या पलीकडं, वऱ्हाडाच्या शिवेला लागून. शीव ओलांडली की निजामाचं राज्य संपलं, म्हणून लोकांनी गाड्या जुंपल्या आणि निघाले. मागं राहिली एकटी म्हातारी नर्मदाबाई. मुलगा म्हणाला, आई, चला. ती म्हणाली, देवाच्या दिव्याला तेल कोण घालील? पोलीस ॲक्शन झाल्यावर काही महिन्यांनी गाव परत आलं, तेव्हा म्हातारी देवळाच्या ओट्यावर मरून पडलेली होती आणि आत दिवा जळत होता.

दिव्याला तेल किती दिवस पुरतं, हा हिशोब गावात कुणी मांडला नाही. माझं किराणा दुकान आहे, तेल मीच विकतो. मीही मांडला नाही.

नर्मदाबाई म्हणजे बालाजीची पणजी. बालाजी आमचा माजी सरपंच. यातला ‘माजी’ त्याला सदऱ्यात शिरलेल्या कुसळासारखा टोचतो. निवडणूक हरल्यापासून पारावर त्याच्यासाठी कुणी सरकून जागा देत नाही. म्हणून त्यानं पणजीच्या नावाचा दगड देवळापुढं बसवायचं मनावर घेतलं आणि दोन वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. दगड बसला की घराची पत पुन्हा बसणार, असा त्याचा साधा व्यवहार होता.

फेरीची कल्पना त्याच्या पोरीची, कोमलची. ती हिंगोलीत इतिहास शिकते. मुक्तिसंग्राम दिनाला पाहुणे आणायचे, त्यांना गावातून पायी फिरवायचं, इथं काय झालं, तिथं काय झालं हे सांगायचं आणि शेवटी देवळापुढं दगडावरचं कापड ओढायचं. बालाजीनं त्यात स्वतःची भर घातली. फेरीची सुरुवात त्याच्या दारात, गाडी भरून, खऱ्या नाटकासारखी. तो मुलगा होणार, त्याची बायको मोहिनी नर्मदाबाई होणार. आठवडाभर रिकाम्या अंगणात तालीम चालली. गाडी तेव्हा गोठ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांखाली दबलेली होती.

सतरा सप्टेंबरला सकाळी ती बाहेर काढली. बैल मागून आणले, त्यांच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून होता. गाडी भरायचं काम चंद्रभागाबाईकडं, म्हणजे बालाजीच्या आत्याकडं. नर्मदाबाई तिची सख्खी आजी. नवरा वारल्यापासून आत्या माहेरीच असते. रझाकारांच्या वेळी ती सहा-सात वर्षांची होती आणि त्याच गाडीत बसून शिवेपार गेली होती. गाडीत काय काय होतं, हे आम्ही प्रत्येक लग्नात तिच्या तोंडून ऐकलेलं.

“पोती खाली, लेका! हंड्यावर पोतं ठिवतोस? चेपंल ना तो!”

बालाजीनं ज्वारीची पोती खाली घातली. त्यावर हंडे, संदूक, पाळणा, वाकळा, घुसळायची रवी. आत्याच्या यादीतला तेलाचा डबा मी दुकानातून दिला. जातं चढवायला दोन माणसं लागली.

“आत्याआजी, एवढं सगळं होतं?” कोमलनं विचारलं.

“मग! लोक घर टाकून पळाले, आमच्या बाबानं घर उचलून नेलं. पळी मागं ठिवली न्हाई.”

“अन् वासरू?” मी मुद्दाम विचारलं. हे विचारल्याशिवाय आत्याचं पोट भरत नाही.

“वासरूसुद्धा सोडलं न्हाई! चार दिसाचं व्हतं. कडब्याचं मऊ अंथरून केलं त्याला मागच्या अंगाला. म्या त्याच्या गळ्यात हात टाकून बसले व्हते.”

वासरू मिळालं नाही. मल्हारी धनगरानं आपल्या कळपातलं एक कोकरू आणून दिलं. “वासरू म्हणून बसवा, पन बोलायला लावू नका,” तो म्हणाला. “आवाजावरनं धरलं जाईल.” कोकराला कडब्यावर बसवलं. शेजारची दोन लेकरं आत्या आणि तिचा भाऊ म्हणून बसली, त्यांच्यामागं त्यांची आई. गाडी अशी दिसत होती की बालाजीनं चारदा तिचा फोटो काढला.

पाहुणे आले. कॉलेजची पोरं-पोरी आणि तहसीलातले एक साहेब. कोमलनं माईक धरला आणि रझाकारांबद्दल चांगलं नेटकं सांगितलं. मग मोहिनी दारातून बाहेर आली. केसांना इतकी पावडर लावलेली की ती आधी शिंकली. बालाजी डोक्याला रुमाल गुंडाळून पुढं झाला.

“आई, चला. उजेडात शीव गाठली पायजे. बसा गाडीत.”

आणि तालमीत करायचा तसाच त्यानं हात गाडीकडं केला.

मोहिनीनं हाताच्या दिशेनं पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. गाडी हंड्यांनी, पोत्यांनी, माणसांनी काठोकाठ भरलेली. जागा कुठंच नव्हती.

“कुठं बसवता, सरपंच?” मल्हारी ओरडला. “कोकराच्या मांडीवर?”

हशा पिकला. मीही हसलो. मग एका ठिकाणी हसणं अडकलं. पाहुणे हसतच राहिले, पण गावातलं एकेक तोंड मिटत गेलं. बालाजीचा हात अजून वरच होता.

“जरा सरका की रे,” तो लेकरांना म्हणाला. लेकरं सरकली. हंड्यावर हंडा आपटला, पण जागा झाली नाही.

“ते जातं घ्या ना खाली,” कुणीतरी म्हणालं.

“जातं व्हतं गाडीत,” आत्या नेहमीच्या ठसक्यात म्हणाली. मग आवाज उतरला. “म्या त्याला पाय लावून बसले व्हते.”

ज्वारी गाडीत. जातं गाडीत. दळायला काही नाही आणि दळायचं कशावर तेही नाही, अशा घरात म्हातारी मागं. माझ्यासारख्या दुकानदाराला ही बेरीज करायला आयुष्य लागावं, याची मला तिथं उभ्याउभ्या लाज वाटली.

मोहिनीला आपलं वाक्य आठवलं. बिचारीनं पाठ केलं होतं, ते म्हणून टाकलं.

“न्हाई. म्या येनार न्हाई. देवाच्या दिव्याला तेल कोन घालंल?”

कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या एकानंही हात उचलला नाही. आम्ही सगळे गाडीतल्या तेलाच्या डब्याकडं पाहत होतो.

फेरी पुढं निघाली. जळालेली चावडी झाली, विहीर झाली, पार झाला. कोमल बोलत होती, पण वाक्यं पायाला ठेच लागल्यासारखी येत होती. गावातला म्हातारा ग्यानबा माझ्या बाजूनं चालत होता. गाव सोडताना त्याच्या घरच्यांनी दाराची चौकटसुद्धा उपटून नेली, हे तो ओळख नसलेल्या माणसालाही सांगतो. त्या दिवशी पाहुणे हात जोडून “बाबा, तुमच्याकडचं काही सांगा” म्हणाले, तर तो म्हणाला, “मला काय ठावं? म्या तर नंतर जन्मलो.”

आमच्या घरी तराजू आणि मापं नेल्याचं सांगतात. मागं कुणी राहिलं होतं का, हे कुणी सांगत नाही. मी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही.

देवळापुढं दगड उभा होता, पिवळ्या कापडात गुंडाळलेला. त्यावरचा मजकूर सगळ्या गावाला पाठ. दिवा राखण्यासाठी नर्मदाबाई स्वखुशीनं मागं राहिल्या आणि त्यांनी प्राण वेचले. साहेबांनी दोरी हातात घेतली. कोमल माईकजवळ गेली आणि बापाकडं पाहू लागली.

“थांबा, साहेब,” बालाजी म्हणाला.

“का हो?”

“दगडावर चूक झाली.”

“कसली चूक?”

बालाजीनं एकदा देवळाकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. खरं बोलायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम होतं. तो ते बोलेल असं मला क्षणभर वाटलं, आणि बोलू नये असंही वाटलं, कारण मग पुढचा नंबर आमचा होता.

“तारीख,” तो म्हणाला. “तारीख चुकली.”

“बघू?” साहेब वाकले.

“न्हाई, नको!” बालाजीनं कापड दोन्ही हातांनी दाबून धरलं, वावटळीत माणूस धोतर धरतो तसं. “पुन्हा घडवून घेतो. तकलीफ माफ करा.”

तारीख कोमलनं स्वतः तपासून दिली होती. तिनं माईक बंद केला. पाहुण्यांना पोहे दिले, चहा दिला. साहेब जाताना म्हणाले, असा बारकाईनं काम करणारा माणूस गावाला पाहिजे. दोन वर्षं बालाजी ज्या शाबासकीची वाट पाहत होता, ती मिळाली, आणि ती ऐकताना त्याची मान खाली होती.

उन्हं कलल्यावर मी तेलाचा डबा आणायला त्याच्या अंगणात गेलो. बैल ज्याचे त्याच्याकडं गेले होते. मल्हारी कोकरू घेऊन गेला होता. गाडी तशीच भरलेली, जू ओंडक्यावर टेकवलेलं. आणि मागच्या अंगाला, कोकराच्या जागी, कडब्यावर आत्या बसली होती. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांवर. या वयात वर कशी चढली कोण जाणे.

बालाजी, मोहिनी, कोमल तिघंही गाडीपाशी उभे होते.

“मावते रे,” आत्या म्हणाली. ती कुणाकडं पाहत नव्हती. “पाय आखडून घेतले की मावते. आजी तर माझ्याहून बारीक व्हती.”

तिनं कडबा हातानं सारखा केला.

“वासरू पाऊसकाळातच मेलं,” ती म्हणाली. “तिकडंच. शीव वलांडली अन् चार दिसात मेलं. हे कंदी कुनाला सांगितलं न्हाई म्या.”

कोमलनं घरातून स्टूल आणलं आणि चाकाजवळ ठेवलं. मोहिनीनं हात पुढं केला. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो म्हणायचं काम घरातल्या कर्त्या पुरुषाचं. बालाजीनं तोंड उघडलं.

“आत्या,” तो म्हणाला, आणि थांबला.

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. उतर, एवढंच म्हणायचं होतं. त्या गाडीपाशी, त्या घरात, तो शब्द कुणाच्या तोंडून निघेना.

मी डबा न घेताच परत आलो.