दाराबाहेरची यांगोना

एकोणीस वर्षे विलिकेसाने पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या होत्या. आता बॅगेला हात लावणे हाच गुन्हा होता. फिजीतल्या नाडी शहराजवळचे ते हॉटेल कोविडच्या विलगीकरणासाठी दिल्यापासून काम एवढेच उरले होते: ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचे, दोनदा टकटक करायची आणि दार उघडण्याआधी जिन्यापाशी पोचायचे. कर्मचाऱ्यांचा मुक्कामही आवारातच असे. चार आठवडे काम, मग तपासणी, मग घर. विलिकेसाचे चार आठवडे उद्या भरत होते. गावी आई होती, मधुमेहात एक पाय गमावलेली.

सकाळच्या हजेरीला सगळे खोबरेलाच्या बाटलीचा वास घेत. वास आला, म्हणजे आणखी एक दिवस पदरात पडला. हे कोणी बोलून दाखवत नसे. बरोबर काम करणाऱ्या सतेंद्रची गोष्ट वेगळी.

"येतोय का वास, की नुसतंच नाक खुपसून उभा आहेस?"

"येतोय."

"मग तोंड असं का? घरी चाललायस, फासावर नाही."

त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे एक दार वेळेआधी उघडले. ऑकलंडहून उपचार घेऊन परतलेले सेरेमाया आजोबा दारामागेच उभे असावेत. ते उंबऱ्याशी मांडी घालून बसले. तोंडावर मुखपट्टी होती. दोन्ही हातांत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कुटून पेय करतात त्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी; परक्या भूमीवर आलेल्या पाहुण्याने यजमानापुढे ठेवायची.

"भाच्यानं फाटकावर आणून दिली," ते म्हणाले. "पोरा, नऊ दिवस तुमच्या भूमीवर खातोय, झोपतोय, आणि अजून तुमची परवानगी मागितली नाही. लाज वाटते मला."

नियम विलिकेसाला तोंडपाठ होता. पण गुडघ्यांना त्याहून जुने काही पाठ होते. दोन्ही हातांनी पुढे केलेली यांगोना नाकारणे म्हणजे समोरच्या माणसालाच नाकारणे. आपण केव्हा खाली बसलो, केव्हा पुढे सरकलो, हे त्याला कळले नाही. त्याने जुडी हाती घेतली, स्वीकाराचे शब्द पुटपुटले आणि तळवे पोकळ करून तीनदा टाळी वाजवली. कित्येक महिने मुक्या राहिलेल्या त्या बोळात ती टाळी पोकळ ओंडक्यावर थाप पडावी तशी घुमली. आजोबांनी डोळे मिटले. मग दार लागले.

त्याने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. कोणी पाहिले नव्हते. आजोबांची कालची तपासणी चांगली निघाली होती. घसा मात्र खरखरू लागला, आणि ही खरखर खरी की भीतीची, हे ओळखण्याचा उपाय नव्हता. उद्या संध्याकाळी आई त्याचे तोंड खाली ओढून घेणार, गालाला नाक लावून खोल श्वास घेणार. परतलेल्या लेकराला तिने कधी दुसऱ्या कशाने जवळ केले नव्हते. त्या एका श्वासापाशी येऊन त्याचे सगळे हिशेब थांबले.

तो पर्यवेक्षिका उनाइसींकडे गेला आणि दारातच उभा राहिला.

"उनाइसीताई, मी सेरेमाया आजोबांची यांगोना घेतली."

"हातानं?"

"हातानं."

"नको म्हणता आलं नाही?"

"तुम्हाला आलं असतं?"

उनाइसींनी फळीवरून एक किल्ली काढली आणि दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवली. "चौदा दिवस. त्यांच्या शेजारचीच खोली रिकामी आहे. आईला मी सांगू?"

"मीच सांगतो."

फोनवर त्याने आईला सगळे सांगितले. आई म्हणाली, "तिथंच थांब. गाल काय कुठं पळून जातोय?"

संध्याकाळी त्याच्या दारावर दोनदा टकटक झाली. इतके दिवस ज्या पावलांनी तो निघून जात आला होता, ती त्याने प्रथमच आतून ऐकली: झपझप, मागे न पाहणारी. त्याने दार उघडले. स्टुलावर भात, मासा, आणि शेजारी खोबरेलाची छोटी बाटली.

तो खाली बसला आणि रिकाम्या बोळाकडे तोंड करून त्याने तीनदा पोकळ टाळी वाजवली.

"पुरे झाला मान," जिन्यावरून सतेंद्र म्हणाला. "जेव आता. मासा गार होतोय."

दार लावून विलिकेसाने आधी बाटलीचे झाकण उघडले. वास आला. मग तो जेवायला बसला.