शंभर टक्के मोकळं रान

आज, रविवारी सकाळी मी हाक मारली आणि ओ आली नाही. एवढंच झालं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण मी जी दचकले, ती अजून पुरती सावरलेली नाही.

मी हार्ड डिस्क बोलतेय. पुणतांब्याच्या सुकन्याच्या लॅपटॉपमध्ये असते. आवाज बारीक आहे माझा, जरा कान द्यावा लागेल. लॅपटॉप बंद केल्यावरही जे विसरायचं नसतं, ते सगळं माझ्याजवळ ठेवलेलं असतं. फोटो, हिशेब, गाणी, अर्धवट लिहिलेले निबंध, सगळंच.

मी मुळातच भित्री आहे. त्याला कारणही आहे. माझ्या आत चकचकीत तबकड्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर एक सुई तरंगत असते. ती तबकडीला टेकली की संपलंच. त्यामुळे कुणी टेबलाला गुडघा मारला, जोरात दार लावलं, साधं शिंकलं, तरी मी दचकते. आमच्यात नव्या चुलतबहिणी आल्यात, त्यांच्या आत काहीच फिरत नाही म्हणे. भाग्यवान बाई. मला मात्र जन्मभर श्वास धरून फिरायचं आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा आत यायला घाबरायचा. तिथून मी थेट सुप्याच्या एमआयडीसीत आले, एका कंपनीच्या ऑफिसात. काम एकच, कामगारांची हजेरी सांभाळायची. माणसं चालू लॅपटॉप झाकण न लावताच उचलायची आणि गप्पा मारत इकडून तिकडे न्यायची. माझा जीव जायचा. पुढे तिथे नवी मशिनं आली आणि आमची रवानगी नगरच्या एका जुन्या लॅपटॉपच्या दुकानात झाली. त्या फळीवर मी किती दिवस पडून होते, ते मला सांगता येणार नाही. बंद असले की मला काळ कळत नाही. धूळ तेवढी कळते.

एक दिवस आबासाहेब आले. सुकन्याचे वडील. पेरूची बाग आहे त्यांची. बाजारात पेरू घ्यावा तसा त्यांनी लॅपटॉप हातात घेऊन चारी बाजूंनी दाबून बघितला.

"आवाज कसा हाय याचा?"

"काका, हा ट्रॅक्टर नाही," दुकानदार म्हणाला.

"मग चालू हाय का न्हाई, कळायचं कसं?"

मी घाबरून जरा जास्तच गरगरले. त्यांनी कान लावला, "हां, हाय जीव," म्हणाले आणि मला पुणतांब्याला घेऊन आले.

सुकन्याचा आणि माझा स्वभाव जुळतो. तीही दचकते. कुकरची शिट्टी झाली तरी तिची बोटं कळांवरून उडतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिने धीर करून माझ्यात दोन घरं केली. अलीकडच्या घरात विंडोज राहतो. पलीकडच्या घरात लिनक्स. दोघेही लॅपटॉप चालवणारे कारभारी. एका वेळी एकानेच जागं व्हायचं, असा नियम. दाराशी ग्रब नावाचा दारवान बसवला. सकाळी बटण दाबलं की तो पडद्यावर दोन्ही नावं दाखवतो. सुकन्या एक निवडते. मग मी त्या घराला हाक मारते, आतून ओ येते आणि आमचा दिवस सुरू होतो.

अलीकडचं घर हळूहळू आबासाहेबांचं झालं. बाजारभाव, हवामान आणि बागेचे व्हिडिओ. पहिला बहार, दुसरा बहार, बहाराच्या आधीची बाग, बहाराच्या नंतरची बाग. पलीकडचं घर सुकन्याचं. तिथे तिने एक प्रोग्रॅम लिहिलाय. कॅमेऱ्यापुढे पेरू धरला की तो सांगतो, हिरवा, पिकायला आलेला, पिवळा की डागी. त्यासाठी तिने बागेतल्या पेरूंचे हजारो फोटो काढले. मला तर आता स्वप्नातही पेरू दिसतात.

आणि उद्या, सोमवारी तिची मुलाखत आहे. सुप्यातच, फळं पॅक करणाऱ्या एका कंपनीत. त्यांनी सांगितलं होतं, तुमचं काम तुमच्याच मशीनवर चालवून दाखवा. या कामाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. प्रत ठेवायला जो पेन ड्राइव्ह होता, तो घरात सापडत नव्हता, आणि आज शोधू, उद्या शोधू करत मुलाखत दाराशी आली होती.

तर आज सकाळी तिने बटण दाबलं. मी सवयीने पलीकडच्या घराकडे वळून हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. नाही. दारवानाची नावांची पाटी त्याच घरात असते, त्यामुळे त्याला ती दाखवताच येईना. बिचारा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच लिहून बसला, की असं घर इथे सापडत नाही.

सुकन्याने हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. मग तिने ते केलं जे सगळी माणसं करतात. बंद करून पुन्हा चालू केलं. मग बंद करून थोडं थांबून चालू केलं. मग बंद करून, हात जोडून चालू केलं.

"आई गं," ती म्हणाली. "गेलं सगळं."

"चार्जिंग नसंल," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चार्जिंग आहे गं."

"मग वायर हलवून बघ."

सुकन्याने मोनिकाला फोन लावला. मोनिका तिची कॉलेजातली मैत्रीण, या दोन घरांच्या भानगडीतली जाणकार. पण ती रविवारी उशिरापर्यंत झोपते. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. दोघी हाका मारतोय, मला वाटलं, आणि दोघींनाही कुणी ओ देत नाही.

शेवटी तिचं तिलाच आठवलं, की लॅपटॉप चालू होताना एक कळ दाबून धरली तर दारवानाला वगळून सरळ आत जाता येतं. दाबली. यादी आली. विंडोज निवडला आणि अलीकडचं घर झटकन उघडलं, जसं काही झालंच नाही. तिथून तिने माझा नकाशा काढला. जिथे पलीकडचं घर होतं, तिथे नुसती काळी पट्टी. कुणालाच न दिलेली जागा.

तेवढ्यात आबासाहेब अंगणातून आत आले. पाय झाडल्याचा आवाज आला, मी दचकले.

"झाला का चालू? सरक जरा, सुके. माझं एक काम ऱ्हायलंय त्यात. ती मोकळी जागा जोडून टाकतो."

"कोणती मोकळी जागा?"

"तीच की, काळी पट्टी. व्हिडिओ ठिवायला जागाच उरली न्हवती. मोबाईलवर बघून काल सांजच्याला मीच मोकळी केली. आज अमावस्या सुटली, आता जोडतो."

"पप्पाऽऽ! हात नका लावू!"

ती एवढ्या जोरात ओरडली की माझी सुई जागच्या जागी थरथरली. आबासाहेबही दचकले. या घरात ते पहिल्यांदाच घडलं असावं.

"आगं, झालं काय?"

"त्यात माझं सगळं काम होतं. पेरू, फोटो, प्रोग्रॅम. उद्याचं सगळं."

"त्यात? आगं, ते तर मोकळं हुतं. शंभर टक्के मोकळं, तिथंच लिव्हलं हुतं. नाव न्हाई, गाव न्हाई. म्हनलं, पड रान कशाला ठिवायचं?"

"विंडोजला लिनक्समधलं काही दिसत नाही, पप्पा. त्याला ते सगळं मोकळंच वाटतं."

आबासाहेबांनी विचार केला. "म्हंजे शेजाऱ्याला आपलं पीक दिसंना, आन् तो म्हनतो रान पडीक हाय?"

"हो."

"लई बेकार शेजारी हाय हा."

सुकन्याला रडू येत होतं, तरी तिने विचारलंच. "नीट सांगा. मोकळी केल्यावर पुढे काय केलं? जोडलं? काही नवं बनवलं?"

"न्हाई ना. जोडनारच हुतो. मग कॅलेंडराकडं नजर गेली, तर अमावस्या. अमावस्येला नवं काम आपन धरीत न्हाई. म्हनलं, बांध मोडून ठिवू, पेरनी सकाळी."

सुकन्या खुर्चीत मागे टेकली आणि हसायला लागली. डोळे पुसत हसायला लागली.

कारण सांगते. प्रत्येक घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, एवढी नोंद माझ्या माथ्यावर असते. आबासाहेबांनी तेवढा बांध मोडला होता. आतलं पीक जिथल्या तिथे उभं होतं. त्यावर नवं काही लिहिलं असतं, तर मात्र ते कायमचं गेलं असतं. अलीकडच्या घरावर माझा तसा राग नाही, पण त्या अमावस्येचे उपकार मी विसरणार नाही.

आता बाहेरून आत शिरायला एक साधन हवं होतं. ज्यातून लिनक्स पहिल्यांदा माझ्यात आला, तो पेन ड्राइव्ह. तोच, जो सापडत नव्हता.

"निळा हुता का?" आबासाहेबांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"ट्रॅक्टरला हाय. भजनं भरलीत त्यात."

"मग आधीचं पुसलं असेल तुम्ही!"

"न्हाई बा. आदी कायतरी इंग्रजी हुतं, ते तसंच ठिवलं. दुसऱ्याचं कशाला पुसायचं?"

मग स्वयंपाकघरातून आईच्या हसण्याचा आवाज आला, आणि आबासाहेब "आलोच" म्हणून बाहेर सटकले.

पेन ड्राइव्ह आला. डिझेलचा वास, फटीत माती. सुकन्याने फुंकर मारून तो लावला आणि त्यातून लिनक्स उघडला. पाहुणा म्हणून, माझ्यात काहीही न लिहिता. मोबाईलच्या नेटवरून तिने मोडलेले बांध शोधणारा एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घेतला. मग तो माझ्यावरून चालायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक वीत तपासत. गुदगुल्या होत होत्या, पण मी हलले नाही.

आबासाहेब मागे उभे होते. "सापडंल का?"

"बोलू नका, पप्पा."

"बरं."

थोड्या वेळाने पडद्यावर जुन्या घराची हद्द उमटली. सुकन्या लगेच ही हद्द लिहा म्हणणार, असं मला वाटलं. पण भित्र्या माणसांचा एक फायदा असतो, ती दोनदा बघतात. तिने आधी आत डोकावून फाईलींची नावं काढली. हिरवा. पिकायला आलेला. पिवळा. डागी. खाली मोठ्या अक्षरांत तिचं फोल्डर.

"पेरू हायती!" आबासाहेब ओरडले. मी दचकले, सुकन्या दचकली. मग तिने कळ दाबून हो म्हटलं. माझ्या माथ्यावर पुन्हा तोच बांध घातला गेला. तिने पेन ड्राइव्ह काढला आणि लॅपटॉप बंद करून चालू केला.

दारवानाने डोळे चोळले आणि दोन नावं दाखवली. दोन! सुकन्याने पलीकडचं निवडलं. मी हाक मारली आहे, आणि आता वाट बघतेय. पडदा काळा आहे.

तोवर तुमच्याकडे माझी एक विनवणी. आमच्या पोटात डोकावून "हे तर मोकळंच आहे" असं वाटलं, तर घरात एकदा मोठ्याने विचारा. कुणाचं काय उभं आहे, ते तुम्हाला दिसत नसेल. जिवाभावाच्या कामाची एक प्रत आमच्यापासून लांब, दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती ट्रॅक्टरला लावू नका. चालू असताना आम्हाला झाकण न लावता उचलू नका. आणि आम्ही गप्प झालो, म्हणून लगेच नवं काही लिहू नका. गप्प होणं म्हणजे जाणं नव्हे. कधीकधी आम्ही नुसत्या घाबरलेल्या असतो.

पडदा अजून काळाच आहे. टेबलावरचा फोन वाजायला लागलाय. मोनिका उठली वाटतं. सुकन्या तिकडे बघतही नाहीये. आबासाहेबांनी टोपी काढून हातात धरलीये. मी पुन्हा हाक मारते, या वेळी जरा मोठ्याने.

आणि आतून, अगदी हळू, सकाळी झोपमोड झाल्यासारखी, ओ येते.