जावईबापूंचं काय करायचं

राजा बादली घेऊन दुकानात शिरला तेव्हाच ताईच्या कपाळावर आठी पडली. हा माणूस काही देण्यासाठी म्हणून कधी येतच नाही, काहीतरी गळ्यात मारायलाच येतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आईनं लेकाला लाडानं राजा म्हटलं आणि यानं ते आयुष्यभर मनावर घेतलं.

ताईचं दुकान कपडे दुरुस्तीचं. पँट आखूड कर, झिप बदल, उसवलेलं शीव, दुसऱ्या शिंप्यानं घातलेला घोळ निस्तर. दिवसभर लोकांनी बिघडवलेलं नीट करायचं आणि वर 'जरा लवकर हवं होतं' हेही ऐकून घ्यायचं. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही म्हणून गिऱ्हाइकं वाचतात, असं ती स्वतःच म्हणायची.

राजानं बादली थेट कापडं बेतायच्या टेबलावर ठेवली. थोडं पाणी कुणाच्या तरी कोटावर सांडलं.

"खाली ठेव ती," ताई टाचण्यांमधूनच म्हणाली.

राजानं बादली फरशीवर उतरवली. "ताई, बघ ना जरा. जावईबापूंचं काही खरं दिसत नाही."

जावईबापू म्हणजे आईचा सोनमासा. नुसतं खायचं, फुगून बसायचं आणि सगळ्यांनी आपल्याकडे कौतुकानं बघावं अशी अपेक्षा ठेवायची, म्हणून आईनं त्याचं ते नाव ठेवलेलं. आईला ते नाव कुठून सुचलं हे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला माहीत होतं, आणि तो बिचारा हसण्यावारी न्यायचा. आई गेल्यावर राजानं काचेच्या टाकीसकट मासा आपल्या घरी नेला. आईची आठवण म्हणे. बैठकीच्या खोलीत मोक्याच्या जागी टाकी मांडली, आल्यागेल्याला दाखवत सुटला.

ताईनं टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि बादलीत डोकावली. मासा कुशीवर कलंडून तळाशी पडला होता. पोट टम्म फुगलेलं, डोळे बाहेर आलेले आणि अंगावरचा खवला न् खवला उभा राहिलेला. श्वासासाठी कल्ले हलत होते तेवढेच.

"काय केलंस याला?"

"मी काय करणार? उलट छान साफ केली टाकी. पाहुणे येणार होते ना, सगळं पाणी काढलं, फिल्टरचा स्पंज साबणानं खळखळून धुतला."

"आणि खायला?"

"आता येणारा प्रत्येक जण घालतो हौसेनं थोडं थोडं. नाही कसं म्हणायचं?"

ताईनं डोळे मिटले. आई कधीही सगळं पाणी बदलायची नाही, थोडंसंच काढायची, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायची. राजा वर्षानुवर्षं शेजारी बसून ते बघत होता. बघत होता म्हणजे तोंड त्या दिशेला होतं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तिथूनच येतोय." राजानं खिशातून एक कागदी पिशवी काढली. तिच्यातून औषधाची पुडी निघाली, आणि एक छोटी बाटली. "ते म्हणाले, मूत्रपिंडं गेलीत बहुतेक. वेगळ्या टबात ठेवून हे औषध आठवडाभर द्यायचं, रोज पाणी बदलायचं, वाचला तर वाचला. पण आशा कमीच. नाहीतर हे लवंगेचं तेल. थोडं घातलं की त्याला गुंगी येते, आणखी घातलं की झोपेतच जातो. ते तिथंच करून देत होते."

"मग?"

"मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो."

झालं. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही घेऊन आला होता, जगवायचं औषध आणि मारायचं तेल, एकाच पिशवीत. म्हणजे याचं काम संपलं.

"मला का?"

"अगं, तुला कळतं यातलं. तू धीराची आहेस."

धीराची. हा शब्द ताईनं याआधी इस्पितळात ऐकला होता. आईला मशीनवर ठेवून बरेच दिवस झाले होते, आणि आता काय करायचं ते तुम्ही भावंडांनी ठरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच वेळी राजाला खाली लावलेली गाडी बघून यायची आठवण झाली. धाकटी फोनवर नुसती रडत होती, 'ताई, तू म्हणशील तसं' एवढंच म्हणत होती. आईचे हात सुजून सुयांनी काळेनिळे पडले होते. ताईला ते बघवेना. तिनं सांगितलं, काढा मशीन. गाडी बघायला गेलेला राजा सगळं आटोपल्यावर उगवला, आणि मग नातेवाइकांत प्रत्येकाला सांगत फिरला, 'ताईनं ठरवलं.' धाकटीनं तर तोंडावर विचारलं होतं, "ताई, तुझं मन धजावलं तरी कसं?" तीन वर्षं झाली त्याला. तो प्रश्न ताईच्या पानात रोज वाढलेला असायचा.

"औषध देऊन बघू या का?" राजा म्हणाला. "तुझ्याकडे राहील इथं कोपऱ्यात. मी रोज येत जाईन."

"आईकडेही रोज येणार होतास."

राजा कागदी पिशवीची घडी घालू लागला.

"नीट ऐक," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, आणि तिचा आवाज चढला नाही की राजाला जास्त भीती वाटायची. "औषध द्यायचं तर तुझ्या घरी, तुझ्या हातानं. संपवायचं तर इथं, पण तेही तुझ्या हातानं. मी सांगणार नाही, सुचवणार नाही, बादलीला बोट लावणार नाही. वाईटपणा घ्यायचा माझा कोटा भरला."

"ताई, एवढ्याशा माशावरून..."

"एवढासा आहे ना? मग ठरव की."

ती मशीनवर जाऊन बसली आणि पँटची दुमड शिवू लागली. शिवण वाकडी जात होती. माशाचं काय करायला हवं, हे तिला बघताक्षणी कळलं होतं. आणि तिला सगळ्यात झोंबत होतं ते हेच, की ती अडून बसली होती तेवढा वेळ तो जीव त्या बादलीत हाल काढत होता. हे लोक दर वेळी असेच जिंकत आले होते. हात वर करून बसायचं, हिला कुणाचे हाल बघवत नाहीत हे पक्कं ठाऊक, की झालं काम. उठावं, बाटली उघडावी, सोडवावं बिचाऱ्याला, असं दोनदा तिच्या मनात आलं. दोन्ही वेळा तिनं पाय मशीनच्या पायपट्टीवर दाबून धरला.

राजा बादलीपाशी उकिडवा बसला. त्यानं पाण्यात बोट बुडवलं. आईचं बोट दिसलं की जावईबापू धावत वर यायचे. आता त्यानं शेपूट जेमतेम हलवली, अर्ध्यापर्यंत आला आणि उलटा होऊन परत तळाशी गेला. राजा बराच वेळ बघत राहिला.

"याला त्रास होतोय," तो शेवटी म्हणाला.

ताईनं दुमड सुईखाली पुढं सरकवली.

"आठवडाभर असाच राहील?"

ताईनं दोरा तोडला.

राजा उठला, बाटली घेतली. झाकण काही केल्या निघेना, दातानं काढलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं त्यानं पेल्यातल्या पाण्यात तेल घालून ढवळलं, दुधासारखं पांढुरकं झालं, आणि थोडं थोडं बादलीत ओतलं. अर्धं पाणी फरशीवर. दुकानभर लवंगेचा वास सुटला. मासा हळूहळू शांत झाला. राजानं उरलेलं तेल ओतलं आणि कल्ले हलायचे थांबले तरी तो कितीतरी वेळ तिथंच वाकून थांबला.

कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच म्हणालं, "लवंगेचा वास येतोय. दाढ दुखतेय का?"

"दुखतेय," ताई म्हणाली. "कोट उद्या या न्यायला, ओला झालाय."

गिऱ्हाईक गेलं. राजानं धाकटीला फोन लावला. हात ओले म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"अगं, जावईबापू गेला. फार आजारी होता. मग ताईनं..."

ताईनं मान वर केली. नुसतं बघितलं.

राजानं नजर फोनकडे वळवली. "मी. मी ठरवलं. मीच केलं, माझ्या हातानं."

पलीकडून धाकटीचा रडवेला आवाज आला.

"दादा, आईचा मासा होता रे तो. तुझं मन धजावलं तरी कसं?"

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं ताईकडे बघितलं, फोनवर हात ठेवला आणि कुजबुजला, "ताई, काय सांगू हिला?"

"मला काय विचारतोस?" ताईनं उशीतल्या टाचण्या उपसून हातात घेतल्या. "तीन वर्षं मीही तेच शोधतेय."

तिनं टाचण्या तोंडात धरल्या आणि पुढची पँट ओढली. राजा फोनकडे बघत उभा होता. पलीकडून धाकटी हॅलो, हॅलो करत होती.