तारीख नसलेला राजीनामा

रविवारी दुपारी नुन्झियाच्या चुलीवर टोमॅटोचा रस्सा रटरटत होता, तेवढ्यात रफिलीना केकचा पुडा घेऊन दारात आली. रफिलीना म्हणजे तिच्या लेकीची, फोर्तूनाची, धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी तिची जबाबदारी घेतलेली. नेपल्सच्या त्या गल्लीत हे नातं रक्ताहून घट्ट. धर्ममातेविरुद्ध कुणी चकार शब्द काढत नाही.

"किती दिवस सरकारच्या तुकड्यावर जगणार गं? माझ्या हातमोज्यांच्या कारखान्यात ये. पक्की नोकरी!"

नवरा गेल्यापासून सरकारी मदतीवर घर चालवणारी नुन्झिया हरखून गेली. सोमवारी रफिलीनाने दोन कागद पुढे केले. एक नोकरीचा, दुसरा राजीनाम्याचा, तारीख कोरी.

"हे कशाला गं?"

"अगं, सगळ्याच करतात. माझ्यावर विश्वास नाही?"

नुन्झियाने दोन्हींवर सही ठोकली आणि त्याच दिवशी सरकारी कचेरीत जाऊन मदत बंद करून घेतली. केवढ्या ताठ मानेने गेली होती बिचारी!

तिसऱ्या महिन्यात फोर्तूनाला न्यूमोनिया झाला. चार दिवस नुन्झिया इस्पितळात. पाचव्या दिवशी कामावर आली तर तिच्या मशीनवर दुसरीच बाई! राजीनाम्यावर तारीख पडली होती.

कचेरीतले साहेब भले होते, पण म्हणाले, "बाई, तुम्ही स्वखुशीने नोकरी सोडलीत. आता मदत मिळायची नाही. जबरदस्ती झाली असेल तर साक्षीदार आणा."

नुन्झिया तडक कारखान्यात गेली. "बायांनो, तुम्ही सगळ्यांनी तसाच कागद दिलाय. कोण येतंय माझ्याबरोबर?"

मशिनी खडखडत राहिल्या. तिने सख्ख्या बहिणीकडे, पात्रित्सियाकडे, पाहिलं.

"ताई, माझीही पोरं आहेत गं," एवढंच ती पुटपुटली.

रफिलीना पुढे आली. "तुझ्या लेकीला बाप्तिस्म्याला मी हातात धरलंय, विसरलीस? लाज नाही वाटत?"

"त्याच लेकीच्या आजारपणात मला हाकललंस! मादोन्ना मातेची शपथ, तुझ्यावर विश्वास ठेवला याचीच लाज वाटते."

नुन्झिया एकटीच कचेरीत परतली. एकटीच्या तक्रारीने काही होणं कठीण, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. तरी तिने अर्ज मागितला आणि धर्ममातेचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

त्या संध्याकाळपासून गल्ली तिच्याशी बोलत नाही. वाचकहो, रफिलीनाशी मात्र सगळे बोलतात.