लाल दोऱ्याच्या टोपल्या

माझी बायको शालू गेली त्याला या दिवाळीत सात महिने झाले. ही गोष्ट तिची आहे आणि प्रबंधात तिचं नाव नाही, म्हणून इथे लिहितो.

१९६१ साली मी अमरावतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी संत्री मोजत होतो. शेंदूरजनाघाटहून अकोल्याला जाताना माल किती सडतो आणि का, हा विषय. शेंदूरजना माझी सासुरवाडी. सासरे महादेवराव संत्र्यांचे व्यापारी. जेवणाखाण्याची सोय होती, म्हणून तेच गाव निवडलं.

पद्धत शास्त्रशुद्ध होती. रिकाम्या टोपल्यांना आकडे द्यायचे, चिठ्ठ्या टाकून वीस निवडायच्या आणि अकोल्यात ओळखू याव्यात म्हणून त्यांना लाल दोरा बांधायचा. मग सासऱ्यांकडे माल भरणारी चतुराबाई आणि तिच्या हाताखालच्या बायका टोपल्या भरत, ट्रक निघे, आणि मी मागून एस.टी.ने जाऊन माझ्या वीस टोपल्या उपसून बघे.

दोन हंगाम गेले. शंभरात एक संत्रं सडेना. अकोल्याचे अडते मात्र रोज सडका माल गुरांपुढे टाकत होते. माझे मार्गदर्शक खुशालराव म्हणाले, पुढच्या हंगामात सडकं संत्रं दाखवा, नाहीतर प्रबंध विसरा. प्रबंध नाही तर नोकरीही कायम होणार नव्हती. मी देवाकडे सडकी संत्री मागू लागलो.

शालूला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिने विचारलं, दोरा कधी बांधता? भरायच्या आधी, म्हणालो. ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

"अवो, जवायाच्या टोपलीत डागी संत्रं कोन भरन? चतुरामावशी एकेक फळ पदरानं पुसून ठेवत असन."

मी म्हणालो, मग त्यांना बजावतो, मला जावई समजू नका.

"बजावून पाहा. आनखीच चांगली भरतीन. तुमी समद्याच टोपल्यायले दोरा बांधा. पाहू, गाव किती जवाई पोसते."

पुढच्या हंगामात मी ट्रकच्या सगळ्या चारशे टोपल्यांना दोरे बांधले. चतुराबाईने ते सगळं पाहिलं आणि म्हणाली, "जवाईबापू, इतके चांगले संत्रे तं झाडालेच नाई." मग नेहमीसारखं भरायला बसली.

अकोल्यात शंभरात सतरा सडकी निघाली. मी इतका खूश झालो की अडत्याने मला सावलीत बसवून पाणी दिलं. सड सगळी तळाशी होती, टोपलीत खाली अंथरलेल्या ओल्या गवताजवळ. प्रबंध झाला.

तोंडी परीक्षेत विचारलं, सगळ्याच टोपल्यांना दोरा, हे कसं सुचलं? निरीक्षणातून, असं मी सांगितलं. घरी येऊन शालूपाशी कबूल केलं.

"कोनाच्या निरीक्षनातून, हे नाई इचारलं ना? मंग खोटं नाई."

महादेवरावही आता नाहीत. त्यामुळे शेंदूरजन्याशी नातं संपलं असं मी धरून चाललो होतो. परवा चतुराबाईने एक टोपली पाठवली. लाल दोरा बांधलेली. सवयीने तळापर्यंत उपसली. एकही डागी संत्रं नव्हतं. खालचं गवतसुद्धा वाळवून घातलं होतं.