घमेल्यातला नवरा

सुआवेलो वहिनींच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. गालांवर पिवळा चंदनलेप फासलेल्या बाया खेकडे धरायचं सोडून आल्या होत्या. पोरं अंगणात ओढून ठेवलेल्या होडीच्या, तोल सांभाळणाऱ्या लाकडी उलांडीवर चढून बसली होती. मधोमध निळं प्लास्टिकचं घमेलं, त्यावर काळं फडकं आणि समोर मनाम्बेलो बाबा. हा मांत्रिक दक्षिणेकडच्या गावाहून महिन्यापूर्वी आला होता आणि आल्यापासून त्याची तब्येत चांगलीच सुधारली होती.

“ये रे लाहिमेना, ये! सात प्रवाळांखालून ये! सात लाटा ओलांडून ये! बायको हाक मारतेय, उशीर नको करूस!”

लाहिमेना म्हणजे वहिनींचा नवरा, माझा मित्र. चार महिन्यांपूर्वी वादळात होडीसकट गेला. देह सापडला नाही. आमच्या किनाऱ्यावर ज्याचं थडगं नाही, त्याच्या बायकोला रडायलाही जागा नसते.

बाबा बराच वेळ घसा फोडत राहिला आणि मग त्याने फडकं उचललं. आत त्यानेच प्रवाळावरून आणलेली, दीड वीत लांबीची ठिपकेदार समुद्रकाकडी होती, काकडीसारखा दिसणारा मऊ समुद्री जीव. तिच्या गुदद्वारातून एक बोटभर, आरपार दिसणारा मासा हळूच बाहेर आला.

“आला! लाहिमेना आला!” बाया हंबरडा फोडू लागल्या. कुणीतरी काकडीला बोट लावलं, तशी तिने पांढऱ्या चिकट धाग्यांची पिचकारीच सोडली.

“रागावला!” बाबा ओरडला. “परक्याचा हात त्याला चालत नाही. मुली, ऐक. तो म्हणतोय, तू पाण्यात पाय घालायचा नाहीस. समुद्रातलं कुंपण बाबाच्या माणसांच्या हवाली कर. पुढच्या आठवड्यात.”

लाहिमेनाने उथळ पाण्यात जाळ्याचं कुंपण घालून समुद्रकाकड्या पाळल्या होत्या. वहिनींचं पोट आता फक्त त्यावर होतं.

मला राहवलं नाही. “अहो, ती काकडी ढुंगणाने श्वास घेते! पाणी आत ओढते, बाहेर सोडते. हा मासा तिथंच भाड्याने राहतो. आणि ते धागे शत्रूला चिकटवायला असतात, राग कसला!”

सगळे हसले. बाबाही हसला. “गुरुजी, तुम्ही डोंगरातले. वीस वर्षं झाली तरी होडीत बसलं की तुम्हाला ओकारी येते. समुद्राचं आम्हाला शिकवता?”

“मेलेल्या माणसाची चेष्टा करू नका, गुरुजी,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. मी चिडलो, घरी आलो, भात शिजवला आणि एकटाच जेवलो. त्यांना भोगू देत आपल्या कर्माची फळं, असंही मनात आलं. आज त्याची लाज वाटते.

आठवडाभर वहिनींचं दार बहुतेक बंदच असायचं. जाता-येता आतून बोलण्याचा आवाज यायचा. त्या घमेल्याशी बोलत असत.

कुंपण द्यायच्या दिवशी गाव पुन्हा जमलं. अंगणात आज दोन घमेली होती. वहिनी भल्या पहाटेच्या ओहोटीला प्रवाळावर गेल्या होत्या, त्यांचे पाय गुडघ्यांपर्यंत मिठाने पांढरे झाले होते.

“तू पाण्यात गेलीस?” बाबा दचकला.

“गेले. बाबा, ही तुमची काकडी. हिला आत्ताच ताजं पाणी घातलंय. बोलवा त्यांना.”

घमेल्यावर फडकं पडलं. बाबाचे सात प्रवाळ झाले, सात लाटा झाल्या, मग घाम पुसत त्याने आणखी सात कसलेतरी वारे काढले. फडकं उचललं, तर काकडी नुसती पडून.

“वेळ बरोबर नाही,” बाबा पुटपुटला.

“मग आता हे बघा.” वहिनींनी दुसऱ्या घमेल्यावरचं फडकं काढलं. “ही मी सकाळी आणली. पाणी तेवढंच, पण सकाळचंच, बदललेलं नाही. मंत्र नाही, हाक नाही.” काकडीबाहेर तसाच एक आरपार मासा धापा टाकल्यासारखा कल्ले हलवत होता. “बाबा, हा कुणाचा नवरा?”

आधी एक म्हातारी खुदकन हसली. मग सगळं अंगण हसलं. “बाबा, माझा पण एक पळालाय, बघा ना सापडतो का!” कुणीतरी ओरडलं. बाबाने फडकं उचललं आणि घमेलं तिथंच टाकून वाट धरली.

शिळ्या पाण्यातला प्राणवायू संपतो, मासा गुदमरून बाहेर येतो. चमत्कार म्हणायचा तो एवढाच.

गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, “वहिनी, कमाल केलीत! कसं शोधलंत?”

“शोधायचं नव्हतं, गुरुजी. त्यांनी जास्त वेळा बाहेर यावं एवढंच हवं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून रोज काठावरून ताजं पाणी आणून घालत होते. तर तीन दिवस आलेच नाहीत. मी रडले, माफी मागितली. चौथ्या दिवशी पाणी आणायला उठायचं त्राणच नव्हतं मला, आणि ते आले.” त्या थांबल्या. “तेव्हाच कळलं. तरी दोन दिवस मुद्दाम पाणी बदललं नाही. बोलत बसले.”

“कळल्यावरही?”

“घरात दुसरं कोण आहे बोलायला? मग काल बघितलं, बिचारा कसा तडफडतो. म्हटलं, माझं दुःख हलकं व्हावं म्हणून याचा जीव कशाला कोंडू?”

वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण त्या महिनाभरात एकदाही त्या घरात जाऊन बसलो नव्हतो. मनाम्बेलो बसला होता.

म्हणून हात जोडून सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर भुलू नका. मंत्र वगळून तेच करून बघा, होतंय का. पाणी बदलून बघा. आणि तुमच्या शेजारी कुणी एकटं बसलं असेल, तर त्याला शहाणपण सांगण्याआधी त्याच्या घरी जा, आणि भोंदू पोचायच्या आत जा.